बेरारची नावं

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, होस्टेलातल्या खोलीसोबत्याजवळ नाही. दोन-तीनदा अगदी जिभेवर आली होती — आणि मी दुसरंच काहीतरी बोललो. आताही लिहिता लिहिता मधेच उठतो, दाराची कडी लावली आहे ना ते पाहून येतो. कोण येणार आहे? कोणी नाही. तरी पाहतो.

गोष्ट एका मोटारीतल्या रेडिओची आहे. एवढंच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, याने तो बिघडवला असेल आणि बोलला नसेल. तसं असतं तर फार बरं झालं असतं.

मी जळगाव जामोदचा. सातपुडा आमच्या गावाच्या उशाशी आहे. वडील तिथल्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल; हंगामात कपाशीचे बोजे वाहायचे, हंगाम सरला की मिळेल ते काम. आमच्या घरात अक्षर ओळखणारा पहिला माणूस मी, आणि कॉलेजात गेलेला तर सगळ्या आळीत पहिला. हे तुम्हाला का सांगतो? सबब म्हणून नाही. पण हे सांगितल्याशिवाय माझ्या शब्दाला माणसांनी इतकं वजन का दिलं, ते कळायचं नाही. बाबू अमरावतीच्या कॉलेजात आहे — एवढ्यावर म्हातारी माणसं माझं ऐकून घ्यायची. मला ते आवडायचं. खूप आवडायचं. हेही सांगून टाकतो.

जिनाच्या मालकांकडे एक काळी मोटार होती. लढाईच्या आधी घेतलेली, आणि तिच्या समोरच्या फळीतच रेडिओ बसवलेला. ती चालवायचा युसूफ, चांदमियाँ पिंजाऱ्याचा एकुलता मुलगा. लढाई लागली तशी फौजेला मोटार चालवणारे हवे झाले. युसूफ भरती झाला, सिंगापूरकडे गेला. पुढे पेट्रोल कुपनावर आलं. मालकांनी मोटार पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली, टायर खराब होऊ नयेत म्हणून. चाकं अधांतरी, काचांवर धूळ. ती आता फक्त ऐकायच्या कामाची उरली होती.

पण ऐकायला रेडिओ लागला तर पाहिजे. युसूफ गेल्यावर ते कोणालाच जमेना. मुनीमजी खटका फिरवायचे, लगेच आवाज आला नाही की बंद करायचे, पुन्हा फिरवायचे, आणि शेवटी मोटारीलाच नावं ठेवत बाहेर यायचे. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मालकांनी मला बोलावणं धाडलं. मोटारीच्या खणातून एक इंग्रजी पुस्तिका काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाच बे. कालेजात काय शिकून राह्यला ते पाहू दे."

मी वाचली. सोपी होती खरं तर. डावीकडचा खटका फिरवायचा आणि थांबायचं. आतले दिवे तापल्याशिवाय आवाज येत नाही. मग एक गुणगुण सुरू होते, आकड्यांच्या काचेमागे पिवळा उजेड पडतो. उजवीकडच्या खुंटीने काटा सरकवायचा. मुंबईसाठी थोडा, लांबच्या देशांसाठी केसभर, श्वास धरून. आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं — इंजिन बंद असताना रेडिओ बॅटरीवर चालतो, म्हणून बेताने लावावा. हे वाक्य मीच मराठी करून मालकांना सांगितलं होतं. दुसऱ्या कोणी नाही, मी.

बॅटरी ही तेव्हा मोठी अडचण होती. हंगामात जिनाच्या इंजिनावर ती भरून घेता यायची, पण उन्हाळ्यात जिन बंद. मग ती बैलगाडीत घालून नांदुऱ्याला धाडायची आणि परत येईपर्यंत वाट पाहायची. मालकांनी शेडची किल्ली माझ्या हाती दिली ती एका बोलीवर — रेडिओ बातम्यांपुरता लावायचा, आणि चांदमियाँसाठी.

चांदमियाँसाठी म्हणजे काय, ते सांगतो.

सिंगापूर पडलं आणि युसूफची खबर तुटली. सरकारकडून एवढंच कळलं की तो बेपत्ता आहे. मेला म्हणत नव्हते, आहे म्हणत नव्हते. घरात त्याची बायको होती, सकिना. लग्न होऊन वर्षही पुरतं झालं नव्हतं तेव्हा तो गेला. ती रोहिणखेडची. तिचे वडील दोनदा येऊन गेले होते. त्यांच्या गावात एका शिंप्याचं स्थळ होतं, बायको वारलेला, शांत माणूस. पोरीला परत न्यावी, रीतीप्रमाणे निकाह लावावा, असं त्यांचं म्हणणं. चांदमियाँ त्यांच्यावर रागावले नाहीत. पिंजणीची कमान खांद्यावरून खाली ठेवून ते माझ्या वडिलांना म्हणाले होते, "त्यायचं काय चुकलं? पोरीचं वयच काय हाये. मले फकत येक डाव कळू दे, माहा पोरगा जिता हाये का नाही. नसंन तर मी सोता तिले रोहिणखेडले पोचवून देतो."

एवढंच कळायचं होतं. आहे, की नाही.

त्या दिवसांत नांदुऱ्याच्या बाजूने एक बातमी आली. तिकडचं — म्हणजे शत्रूचं — एक स्टेशन संध्याकाळी हिंदुस्थानीत बोलतं, आणि पकडलेल्या आपल्या शिपायांची नावं, गावं, त्यांचा निरोप वाचून दाखवतं. ते ऐकायचं म्हणजे भीतीचं काम. कोणी कळवलं तर? मालकांचा सरकारात वावर होता. ते घाबरून म्हणाले, आवाज शेडच्या बाहेर जाता कामा नये. म्हणून असं ठरलं की मी एकट्याने आत बसायचं, काचा वर करून, आवाज अगदी बारीक ठेवून, कान फळीला लावून. चांदमियाँनी बाहेर शेडच्या दाराशी उभं राहून रस्ता पाहायचा. म्हणजे जे काही ऐकू येईल ते माझ्या एकट्याच्या कानाला. तुमच्या लक्षात आलं ना? दुसरा कान तिथे नव्हता.

मी ते स्टेशन शोधून काढलं. कितीतरी संध्याकाळी ऐकलं. पंजाबची नावं, संयुक्त प्रांताची, कोकणची. निरोप बहुतेक सारखेच. मैं खैरियत से हूँ. मेरी फिक्र न करना. अम्मी को सलाम. रोज बाहेर आलो की चांदमियाँ काही विचारायचे नाहीत, नुसते माझ्या तोंडाकडे पाहायचे. दाढीत पिंजलेल्या कापसाची लव अडकलेली असायची. मी नाही म्हणून मान हलवायचो. ते म्हणायचे, "बरं. उद्या."

आता त्या दुपारचं सांगायला हवं. हे सांगताना मला अजून अंगात कसंतरी होतं, आणि खरा गुन्हा तर अजून पुढेच आहे.

माझ्या वर्गात वसंत म्हणून एक मुलगा होता. अकोल्याच्या वकिलांचा. कोणा नातेवाइकाच्या लग्नाला तो आमच्या गावात आला आणि अचानक माझी चौकशी करत जिनापाशी येऊन उभा राहिला. त्याला घरी कसा नेऊ? आमची एक खोली. आई चुलीपुढे, वडील उघड्या अंगाने जमिनीवर पडलेले. कॉलेजात मी कधी म्हणालो नव्हतो की माझे वडील हमाल आहेत. नाहीत असंही म्हणालो नव्हतो. पण मी त्याला घरी नेला नाही. खिशात किल्ली होती. शेड उघडली, मोटारीचा दरवाजा उघडला, आणि त्याला गादीवर बसवला.

"ही तुमची?" त्याने विचारलं.

मी नुसता हसलो. खटका फिरवला. मुंबईची गाणी लागली. वसंत पाय लांब करून बसला, म्हणाला, "मजा आहे बुवा तुझी. आणि आम्ही समजत होतो, तू अगदी साधा." मी आवाज वाढवला. तो उठायला लागला की मी दुसरं स्टेशन लावून द्यायचो, लखनौ, दिल्ली. मला त्याने जायला नको होतं आणि त्याने घरी चल म्हणायला नको होतं. दुपार अशीच गेली. काचेमागचा उजेड किंचित तांबूस झाला, ते मला दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं म्हणणार नाही. पण त्या मोटारीत बसलेला मी मलाच इतका बरा वाटत होतो की खटका बंद करवेना.

संध्याकाळी चांदमियाँ मगरिबची नमाज आटोपून आले. मी आत बसलो. काचा वर केल्या. खटका फिरवून थांबलो — दिवे तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. काटा केसभर सरकवला. स्टेशन आलं. त्या दिवशी एक बाई वाचत होती. आधी दुसऱ्या कुठली तरी नावं झाली, आणि मग तिने म्हटलं — अब सी. पी. और बेरार के जवान.

इतक्या संध्याकाळींत आमच्या मुलखाचं, वऱ्हाडाचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. मी कान फळीला आणखी दाबला. पहिलं नाव नागपूरकडचं होतं. दुसरं यवतमाळचं. आणि तिचा आवाज खोल जायला लागला. एखादा माणूस बोलत बोलत दूर चालत जावा, तसा. मी आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली. काटा इकडे केला, तिकडे केला. काचेमागचा उजेड विझत्या निखाऱ्यासारखा झाला, गुणगुण थांबली, आणि सगळं गप्प.

मला माहीत होतं, बॅटरी थोडी निवांत ठेवली की पुन्हा जरा जोर धरते. खटका बंद केला. बसून राहिलो. बाहेर चांदमियाँ खाकरले. मी पुन्हा खटका फिरवला. उजेड आला, आवाज आला — पण तो वाद्यांचा होता. नावं संपली होती. मग तोही गेला.

दार उघडून बाहेर आलो तेव्हा मला काय म्हणायचं होतं? तुम्हीच पाहा, तीनच गोष्टी होत्या. नाव आलं नाही म्हणालो असतो, तर बेरारची यादी वाचून झाली आणि युसूफ तिच्यात नाही — म्हणजे तो गेला. कळलं नाही म्हणालो असतो, तर का कळलं नाही ते सांगावं लागलं असतं. बॅटरी कोणी संपवली? कशासाठी? कोणाला बसवलं होतंस मोटारीत? हे सगळं त्या म्हाताऱ्याला सांगायचं माझ्याच्याने होईना. तिसरी गोष्ट सोपी होती.

चांदमियाँनी त्या दिवशी विचारलं. बहुधा माझं तोंडच तसं झालं असेल.

"आलं काय रे बाबू?"

"आलं," मी म्हणालो.

ते खाली बसले. तिथेच, धुळीत. दोन्ही तळवे वर करून काही पुटपुटत राहिले. मी बाजूला उभा. तेव्हा अजून वेळ होता ना? एक शब्द पुरला असता. मी काय केलं? शेडला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं की बॅटरीच्या आतल्या पट्ट्या झिजल्या, ती आता टिकायची नाही. कॉलेजातला माणूस सांगतो म्हटल्यावर कोण काय बोलणार? मग चांदमियाँच्या घरी बोलावणं आलं. दर्ग्यावर साखर वाटून झाली होती. सकिना दाराच्या पडद्याआड उभी होती. मला तिचे पाय तेवढे दिसत होते. तिच्या सासूने, युसूफच्या आईने विचारलं, काय म्हणाला युसूफ? मी आधी ऐकलेले इतके निरोप मला पाठ होते. त्यातलाच एक म्हणून दाखवला. खैरियत आहे, फिक्र करू नका, अम्मीला सलाम.

मग पडद्याआडून आवाज आला. "अन माह्यासाठी काई?"

मी म्हणालो, "हो. तुमचं नाव घेतलं. सकिनाला सांगा, म्हणाले."

 मग तिने अगदी हळू विचारलं, "त्यायनं माहं नाव घेतलं?"

मी तेव्हा पोरगाच होतो. त्या प्रश्नात काय आहे ते मला कळलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती चपापली. म्हणाली, "काऊन रे, नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेते काय? तुह्या बापानं माहं नाव अजून कवा घेतलं नाही." आणि मग मला समजलं की मी काय केलं होतं. युसूफने घरातही तिला कधी नावाने हाक मारली नसेल. आणि मी सांगितलं, त्याने सगळ्या दुनियेपुढे तिचं नाव घेतलं.

रोहिणखेडहून तिचे वडील आले. चांदमियाँनी त्यांना हकिकत सांगितली. ते समजूतदार गृहस्थ. म्हणाले, रेडिओचं काय, पुढे काय होईल कोणी सांगावं, पोरीला विचारा. सकिना म्हणाली — हे मला सासूने मोठ्या कौतुकानं सांगितलं — "ज्यानं इतक्या दुरून माहं नाव घेतलं, त्याले सोडून म्या कोठं जाऊ?" वडील एकटेच परत गेले. त्या शिंप्याचं पुढे दुसरीकडे जमलं.

इथवरचं सगळं एका घाबरलेल्या पोराच्या खाती टाकता आलं असतं. मीही बरेच दिवस टाकत होतो. पण पुढचं टाकता येत नाही.

लढाई संपली. पकडलेले शिपाई परत येऊ लागले. युसूफ आला नाही. मग एक दिवस मलकापूरकडचा एक माणूस चांदमियाँचं घर विचारत आला. एक हात आखडलेला. तो युसूफच्याच तुकडीत मोटार चालवायचा. त्याने सांगितलं की युसूफ सिंगापूर पडायच्या आधीच गेला, रस्त्यावर, मोटारीवर वरून बाँब पडला तेव्हा. आपण तिथे होतो, असं तो म्हणाला.

चांदमियाँ त्याच्यावर चिडले. आयुष्यात मी त्यांना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "झूट बोलून राह्यला तू. तो मेला तर मंग रेडिओवर निरोप कोणं धाडला? आमच्या बाबूनं आपल्या कानानं आयकला." आणि मला बोलवायला माणूस धाडला. मी सुट्टीत गावातच होतो.

मी गेलो. तो माणूस ओट्यावर बसला होता. समोर चहा, तसाच. पडदा हलत होता. चांदमियाँ म्हणाले, "सांग बाबू याले."

तेव्हा मी पोरगा नव्हतो. बी. ए. झालो होतो. समोर मला कोणाची भीती होती? मोटार विकली गेली होती, बॅटरीचं कोणाला आठवतही नव्हतं. वसंत कुठे होता कोण जाणे. फक्त मी खोटा ठरलो असतो, एवढंच. त्या ओट्यावर, त्या माणसांपुढे, ज्यांनी मला डोक्यावर घेतलं होतं.

"तुमी सोता आयकलं?" त्याने मला विचारलं.

"हो," मी म्हणालो. "बेरारची नावं वाचत होते. त्यात होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असंन. माह्या पायन्यात चूक झाली असंन." उठला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. का गेलो, मलाच ठाऊक नाही. तिथे तो थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाबू, त्याचे डोये म्या मिटले होते." आणि निघून गेला. तो पुन्हा कधी आला नाही.

आता मी नागपूरला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. साक्षीपुराव्याचा विषय मला चांगला येतो, असं प्राध्यापक म्हणतात. सकिना अजून तिथेच आहे. ईदला बांगड्या भरते. मी सुट्टीत गेलो की पडद्याआडून कधीतरी विचारते — नाव वाचणारी बाई होती का बाप्या? तिनं सकिना म्हटलं, का सकिनाबी? आणि मी दर वेळी सांगतो. सांगून सांगून मला आता तो आवाज खरंच ऐकू येतो. तिच्या पुढच्या वर्षांचं मी काय केलं, ते मला माहीत आहे.

गेल्या थंडीत चांदमियाँ वारले. मी गावातच होतो. दफनाला गेलो, आमच्याकडे सगळे जातात. खड्ड्यात उतरून बापाला हातात घ्यायचं काम मुलाचं. मुलगा नाही म्हणून पुतण्या उतरला. मग प्रत्येकाने तीन-तीन मुठी माती द्यायची. माती लोटायला माणसं पुढे होणार, एवढ्यात घराकडून एक शेजारी धावत आला. सकिनाने सांगून पाठवलं होतं की युसूफच्या वाट्याची माती काढून ठेवा, तो आला की देईल.

 मौलवींनी मान डोलावली. पुतण्याने खांद्यावरचा रुमाल पसरला, त्यावर तीन मुठी माती घातली आणि गाठ मारली. मग आम्ही एकेक पुढे झालो. माझी पाळी आली तेव्हा मीही वाकलो, तीन मुठी माती दिली, आणि हात झटकले.

तो रुमाल त्यांच्या घरात कोनाड्यात ठेवलेला आहे.